लक्षात ठेवायला कारण हवे

वृद्धाश्रमात राहायला आलेल्या माणसाच्या डोक्यावरचा बराचसा भार पहिल्या काही दिवसांतच उतरतो. दुधाचा हिशेब, गॅसचा नंबर कधी लावायचा, कामवालीचे किती खाडे झाले, पेन्शन जमा झाली का, विजेचे बिल भरले की राहिले, शेजारच्यांनी किल्ली ठेवली होती ती परत नेली का, अशा शंभर गोष्टींची नोंद घरात राहणारा माणूस दिवसभर नकळत ठेवत असतो. आश्रमात हे सगळे संस्था पाहते. घंटा झाली की जेवण, मावशी आल्या की गोळ्या, वार ठरलेला असला की डॉक्टर. सोय म्हणून यात खोट काढण्यासारखे काही नाही. पण स्मरणशक्तीला दिवसभर करायला कामच उरत नाही. वृद्धाश्रमातील रहिवाशांच्या स्मरणशक्तीच्या प्रशिक्षणाचा विचार इथूनच सुरू करावा लागतो. वयामुळे येणारा विसराळूपणा वेगळा आणि राहणीमुळे वाढलेला वेगळा. पहिल्यावर उपाय थोडे आहेत, दुसऱ्यावर बरेच आहेत.

मार्ग्रेट बाल्टेस या जर्मन मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या आणि जर्मनीतल्या वृद्धनिवासांत कर्मचारी आणि रहिवासी यांच्यातल्या व्यवहाराची वर्षानुवर्षे बारकाईने निरीक्षणे केली. त्यांना सगळीकडे एकच रीत दिसली. रहिवाशाने मदत मागितली किंवा एखादे काम जमत नाही असे दाखवले, की कर्मचारी लगेच जवळ येतात, बोलतात, हात लावतात. तोच माणूस स्वतःचे बटण स्वतः लावत असेल, तर त्याच्याकडे कोणी पाहतही नाही. परावलंबनाला सोबत मिळते आणि स्वावलंबनाच्या वाट्याला एकटेपणा येतो. यात कोणाचा दुष्टपणा नाही. उलट बहुतेक वेळा मायाच असते, शिवाय कामाची घाईही असते. नऊ वाजेपर्यंत वीस जणांच्या आंघोळी उरकायच्या असतील, तर आजींना स्वतःचे पातळ स्वतः शोधू देणे कोणाला परवडणार? बाल्टेस यांचे निरीक्षण मुख्यतः अंगमेहनतीच्या कामांविषयी आहे, पण आठवण्याच्या बाबतीतही ते तंतोतंत लागू पडते. आजोबा एखादे नाव आठवत थांबले, की दुसऱ्या सेकंदाला कोणीतरी ते सांगून टाकते.

स्मरणशक्ती म्हणून आपण ज्याला एकच नाव देतो, त्यात निरनिराळ्या क्षमता आहेत आणि त्या सारख्या वेगाने झिजत नाहीत. एंडेल टुल्विंग यांनी १९७२ मध्ये घडलेल्या प्रसंगांची स्मृती आणि जगाविषयीच्या ज्ञानाची स्मृती असा भेद मांडला. काल संध्याकाळी कोण भेटायला आले होते हे पहिल्या प्रकारात मोडते. गोदावरी नाशिकजवळ उगम पावते हे दुसऱ्या. वयाबरोबर पहिली लवकर अशक्त होते, दुसरी पुष्कळ काळ टिकते, शब्दसंग्रह तर साठी-सत्तरीपर्यंत वाढतही राहतो. तिसरी स्मृती हातापायांची: पोळी लाटणे, सुईत दोरा ओवणे, पेटीवर बोटे फिरवणे. ही सगळ्यांत चिवट. स्मृतिभ्रंशाच्या बऱ्याच पुढच्या टप्प्यातही ती शाबूत सापडते. याखेरीज पुढे करायच्या कामाची आठवण ठेवणे, म्हणजे जेवणानंतर डोळ्यांत थेंब घालायचे आहेत हे वेळेवर आठवणे, हीदेखील एक स्वतंत्र क्षमता आहे. रोजच्या जगण्यात सगळ्यांत जास्त अडते ते हिच्यामुळे.

प्रशिक्षणाआधी एक गोष्ट पाहावी लागते. विसरणे नेहमीच मेंदूच्या झिजेतून येत नाही. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, मंदावलेली थायरॉइड ग्रंथी, नैराश्य, रात्रीच्या झोपेच्या गोळ्या, लघवीच्या किंवा ॲलर्जीच्या काही औषधांचा परिणाम, पाणी कमी पिणे, मूत्रमार्गाचा संसर्ग, यांपैकी काहीही वृद्ध माणसाला गोंधळात टाकू शकते. शाकाहारी जेवण असलेल्या आश्रमात ब-१२ ची तपासणी तर आधी व्हायला हवी. ऐकू न येणे हे कारण सगळ्यांत जास्त दुर्लक्षित राहते. जे कानात शिरलेच नाही ते आठवणार कसे? ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या आणि टाळता येण्याजोग्या १४ कारणांची यादी दिली. त्यात बहिरेपणा, अधू दृष्टी, नैराश्य आणि एकटेपणा ही चारही आहेत. कानातला मळ काढणे आणि चष्म्याचा नंबर तपासणे याला कोणी स्मरणशक्तीचे प्रशिक्षण म्हणत नाही, पण अनेक आश्रमांत सुरुवात तिथूनच व्हायला हवी.

संस्थेत राहणाऱ्या वृद्धांसाठी स्मरणशक्तीचा पद्धतशीर कार्यक्रम आखण्याचा पहिला मोठा प्रयत्न अमेरिकेत झाला. जेम्स फोल्सम या मानसोपचारतज्ज्ञांनी १९५८ मध्ये कॅन्सस राज्यातील टोपेका येथे माजी सैनिकांच्या रुग्णालयात तो सुरू केला आणि पुढे अलाबामातील टस्कलूसा येथे त्याला पक्के रूप दिले. कल्पना साधी होती. भिंतीवर मोठा फलक लावायचा. त्यावर आजचा वार, तारीख, ऋतू, हवामान, पुढचे जेवण कोणते, ही माहिती लिहायची. दिवसभर प्रत्येक कर्मचाऱ्याने बोलता बोलता तीच माहिती पेरत राहायची. शिवाय रोज अर्धा तास छोट्या गटाचा वर्ग भरवायचा. त्या काळी अशा रुग्णांना खाऊपिऊ घालून खाटेवर ठेवणे एवढीच शुश्रूषा मानली जात होती, म्हणून हा बदल मोठा होता. पद्धत जगभर गेली. जाता जाता ती बिघडलीही. वर्गाची रोजची तोंडी परीक्षा झाली. “आज वार कोणता? आठवत नाही? काल सांगितला होता ना?” ज्याला आठवत नाही त्याला आपल्याला आठवत नाही हे चारचौघांत रोज नव्याने कळू लागले. गेलेल्या पतीची वाट पाहणाऱ्या बाईला ते वारल्याचे दररोज सांगणे हा या पद्धतीचा सगळ्यांत क्रूर अर्थ होता आणि तोही काही ठिकाणी लावला गेला. फलक मात्र टिकून आहेत. फलक लावायचा असेल तर तो रोज बदलायची जबाबदारी एखाद्या रहिवाशालाच द्यावी. तीन दिवसांपूर्वीची तारीख दाखवणारा फलक नसलेलाच बरा.

जबाबदारी दिल्याने काय होते, हे पाहणारा प्रयोग एलेन लँगर आणि जुडिथ रॉडिन यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केला. कनेटिकट राज्यातील आर्डन हाउस या वृद्धनिवासात त्यांनी दोन मजले निवडले. एका मजल्यावरच्या ४७ रहिवाशांना व्यवस्थापकाने सांगितले, की आपली खोली कशी लावायची, वेळ कसा घालवायचा हे तुमचे तुम्ही ठरवा. एक रोपटे निवडा आणि त्याची निगा राखा. आठवड्यात दोन दिवस चित्रपट आहे, यायचे असल्यास कोणत्या दिवशी यायचे ते कळवा. दुसऱ्या मजल्यावरच्या ४४ जणांनाही रोपटे मिळाले, पण पाणी परिचारिका घालणार होत्या. चित्रपटाचा दिवसही त्यांना ठरवून दिला गेला. तीन आठवड्यांनंतर पहिल्या गटातले लोक अधिक तरतरीत आणि हिंडतेफिरते आढळले. दीड वर्षाने पाहणी केली तेव्हा पहिल्या गटातील ७ आणि दुसऱ्या गटातील १३ रहिवासी वारले होते. या आकड्यांवर फार भार टाकू नये. गट लहान होते, आणि माणसे एकेक करून चिठ्ठी टाकून विभागलेली नव्हती, मजलेच्या मजले निवडलेले होते. रोपट्याने आयुष्य दुप्पट होते असा प्रचार या प्रयोगाच्या नावावर पुष्कळ झाला आहे. तो सोडून द्यावा.

स्मरणशक्तीच्या दृष्टीने लँगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे १९७९ चे संशोधन जास्त महत्त्वाचे आहे, जरी ते कमी प्रसिद्ध आहे. वृद्धनिवासातील रहिवाशांना त्यात आश्रमातल्याच गोष्टी पाहून लक्षात ठेवायला सांगितले होते. काहींना योग्य उत्तरांसाठी टोकन मिळत आणि त्यांवर भेटवस्तू मिळे. म्हणजे लक्षात ठेवले तर काही हाती लागणार होते. काहींना टोकन मिळत, पण त्यांचा उत्तरांशी संबंध नव्हता. पहिल्या गटाची प्रगती शिकवलेल्या गोष्टींपुरती राहिली नाही. स्मरणशक्तीच्या नेहमीच्या चाचण्यांतही ते पुढे गेले. त्यांना कोणतीही युक्ती शिकवलेली नव्हती. लक्षात ठेवायला कारण दिले होते, एवढेच.

याच काळात रिचर्ड शुल्झ यांनी केलेल्या प्रयोगाला एक कडू शेवट आहे. त्यांनी एका वृद्धनिवासातील लोकांना महाविद्यालयीन विद्यार्थी भेटायला येतील अशी व्यवस्था केली. काही वृद्धांना भेट कधी आणि किती वेळ हे ठरवता येत होते, काहींना ते आधी कळत होते, काहींकडे विद्यार्थी अचानक येत, तर काहींकडे कोणीच येत नव्हते. ज्यांना भेटीची वेळ ठरवता येत होती किंवा आधी माहीत होती, त्यांची तब्येत आणि उमेद सुधारली. प्रयोग संपला, विद्यार्थी गेले. शुल्झ आणि बार्बरा हनुसा यांनी पुढची काही वर्षे या वृद्धांची चौकशी चालू ठेवली. ज्यांना सर्वाधिक लाभ झाला होता तेच नंतर सर्वाधिक खालावले होते. ज्यांना काही मिळालेच नव्हते ते होते तसेच राहिले होते. वृद्धाश्रमात कोणताही उपक्रम सुरू करणाऱ्याने हा निष्कर्ष आधी वाचावा.

आता प्रत्यक्ष प्रशिक्षणाकडे वळता येईल. ज्यांची बुद्धी एरवी ठणठणीत आहे, फक्त नावे आणि वस्तू विसरतात, अशा रहिवाशांना स्मरणाच्या जुन्या युक्त्या शिकवता येतात. ओळखीच्या वाटेवरच्या एकेका ठिकाणी लक्षात ठेवायची एकेक वस्तू मनाने ठेवत जाणे ही युक्ती प्राचीन ग्रीक-रोमन वक्त्यांपासून चालत आली आहे. बर्लिनमध्ये पॉल बाल्टेस आणि राइनहोल्ड क्लिग्ल यांनी ती साठी-सत्तरीच्या लोकांना शिकवली, तेव्हा त्यांना पूर्वीच्या मानाने कितीतरी जास्त शब्द क्रमाने सांगता येऊ लागले. म्हातारपणी शिकता येत नाही या समजाला त्यामुळे चांगलाच धक्का बसला. पण त्याच प्रयोगात तरुणांनाही तेच शिकवले होते आणि सरावाने दोन्ही वयांतले अंतर कमी होण्याऐवजी वाढले. शिवाय युक्ती शिकलेली बहुतेक माणसे घरी गेल्यावर ती वापरत नाहीत. बाजाराची यादी कागदावर लिहिणे केव्हाही सोपे.

लूव्हेन येथील पॉल फेरहागन आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये अशा अनेक प्रयोगांचा एकत्रित हिशेब मांडला. प्रशिक्षण घेतलेल्यांची प्रगती इतरांच्या साधारण दुप्पट निघाली. लाभ जास्त कुठे होतो हेही त्यातून दिसले: गटात शिकवले तर, तास लहान ठेवले तर, आणि मुख्य युक्तीच्या आधी लक्ष देणे, सैल होऊन बसणे, मनात चित्र उभे करणे यांची तयारी करून घेतली तर. दीड तासाचे व्याख्यान ठेवणाऱ्या संयोजकांनी यातले ‘तास लहान’ एवढे जरी ऐकले, तरी पुरे.

या विषयातला सर्वांत मोठा प्रयोग अमेरिकेत १९९८ मध्ये सुरू झाला. ६५ वर्षांवरचे २,८३२ लोक त्यात होते, मात्र ते स्वतंत्रपणे घरी राहणारे होते. एका गटाला स्मरणाच्या युक्त्या, दुसऱ्याला तर्काचे सराव, तिसऱ्याला पटकन पाहून ओळखण्याचे संगणकावरचे सराव देण्यात आले. प्रत्येकी दहा बैठका. जे शिकवले ते सुधारले, पण एकात सुधारलेला माणूस दुसऱ्यात सुधारला नाही. दहा वर्षांनी पाहिले तेव्हा तर्काचा आणि वेगाचा लाभ काही प्रमाणात उरला होता, स्मरणाचा उरला नव्हता. शब्दकोडी, सुडोकू आणि मोबाइलवरचे ‘ब्रेन गेम’ यांच्याविषयीही हीच मर्यादा सांगता येते. कोडे सोडवणारा कोडी सोडवण्यात तरबेज होतो. चष्मा कुठे ठेवला ते त्याला त्यामुळे आठवत नाही. ‘लुमॉसिटी’ हा खेळ विकणाऱ्या कंपनीने पुराव्याविना मोठे दावे केले, म्हणून २०१६ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाशी झालेल्या तडजोडीत तिला २० लाख डॉलर भरावे लागले. करमणूक म्हणून कोडी उत्तम आहेत. उपचार म्हणून त्यांवर पैसे खर्च करू नयेत.

वृद्धाश्रमात मोठा प्रश्न असतो तो ज्यांना स्मृतिभ्रंश झाला आहे किंवा होऊ लागला आहे त्यांचा. भारतात केलेल्या एका देशव्यापी पाहणीवरून ६० वर्षांवरील ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख जणांना, स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. यांना युक्त्या शिकवून उपयोग नसतो, कारण युक्तीच विसरली जाते. इथे एका वेगळ्या पद्धतीचा चांगला अनुभव आहे. लँडॉअर आणि ब्यॉर्क यांनी १९७८ मध्ये दाखवून दिले होते, की एखादी गोष्ट वाढत्या अंतराने आठवायला लावली तर ती पक्की बसते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कॅमेरॉन कँप यांनी हे तत्त्व स्मृतिभ्रंश झालेल्यांसाठी वापरले.

समजा, एका आजींना आपली खोली सापडत नाही आणि त्या दुसऱ्यांच्या खाटेवर जाऊन झोपतात. प्रश्न आणि उत्तर आधी नक्की ठरवायचे. “तुमची खोली कोणती, आजी?” “तुळशीच्या चित्राची.” उत्तर सांगून लगेच विचारायचे. आले की अर्ध्या मिनिटाने पुन्हा विचारायचे, मग एका मिनिटाने, दोन मिनिटांनी, चार, आठ. मधल्या वेळात गप्पा मारायच्या, भाजी निवडायची, काहीही करायचे. उत्तर चुकले तर “आठवा बरं” म्हणायचे नाही. योग्य उत्तर लगेच सांगायचे, त्यांच्याकडून एकदा म्हणवून घ्यायचे आणि ज्या अंतराला शेवटचे बरोबर आले होते तिथवर मागे यायचे. काही बैठकांनी उत्तर दुसऱ्या दिवशीपर्यंत टिकू लागते. उत्तराबरोबर कृतीही जोडावी, म्हणजे प्रत्येक वेळी उठून त्या दारापर्यंत जावे. आपण हे शिकलो हे आजींना कदाचित आठवणार नाही, तरी पाय बरोबर वळतील. शिकवणी हातापायांच्या त्या चिवट स्मृतीतून चाललेली असते.

चूक होऊच न देणे हे यातले मर्म आहे. ॲलन बॅडली आणि बार्बरा विल्सन यांनी १९९४ मध्ये दाखवले, की स्मृती गेलेल्या माणसाला अंदाजाने उत्तर द्यायला लावले तर त्याची चूकच पक्की होते. निरोगी माणूस आपली चूक लक्षात ठेवून पुढच्या वेळी ती टाळतो. याला चूक झाली होती हेच आठवत नाही, पण तोंडात शब्द मात्र तोच येतो. “ओळखा पाहू मी कोण?” हा भेटायला आलेल्या नातेवाइकांचा लाडका प्रश्न म्हणूनच दुहेरी वाईट आहे. त्याने मानहानी होते आणि चुकीचे नावही रुजते. “आई, मी सुनंदा, तुझी धाकटी” असे म्हणत आत आले की भेट सुखाची होते. या पद्धतीने एका वेळी एकच गोष्ट शिकवावी आणि ती रहिवाशाच्या रोजच्या गरजेची असावी: वॉकर घेतल्याशिवाय उठायचे नाही, घास नीट गिळून मग पाणी, लेक रविवारी येते. तीच विचारणा दिवसातून चाळीस वेळा करणाऱ्या बाईला “कुठे पाहायचे?” “खिशातल्या चिठ्ठीत” एवढे शिकवले, तरी तिची आणि मावशींची दोघींचीही संध्याकाळ सुसह्य होते. छायाचित्रे आणि दोन-दोन ओळी असलेली स्वतःची छोटी वही जवळ ठेवण्याची पद्धत अमेरिकेत मिशेल बूर्जवा यांनी रुळवली. वही हाती असली की अशा लोकांच्या बोलण्यात खरी माहिती वाढते आणि तेच तेच बोलणे कमी होते, असे त्यांना आढळले.

गटासाठी सर्वांत चांगला पुरावा असलेला कार्यक्रम ब्रिटनचा आहे. एमी स्पेक्टर, मार्टिन ऑरेल, बॉब वुड्स आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. सौम्य ते मध्यम स्मृतिभ्रंश असलेले २०१ लोक, बहुतेक वृद्धनिवासांतले. आठवड्यातून दोनदा, पाऊण तासाच्या, एकूण १४ बैठका. प्रत्येक बैठकीला एक विषय: बालपण, खाणेपिणे, आवाज, चालू घडामोडी, पैसे वापरणे, चेहरे, शब्दांचे खेळ. फोल्सम यांच्या वर्गापेक्षा यात मोठा फरक हा, की माहिती नको, मत विचारायचे. “तुमच्या लग्नात जेवायला काय होते?” याचे उत्तर चुकू शकते, “हल्लीची लग्ने बरी की तुमच्या वेळची?” याचे चुकू शकत नाही, आणि त्यावर बोलताना तेव्हाचे जेवण आपोआप आठवते. गटाला नाव असते, सुरुवातीचे एक ठरलेले गाणे असते. सात आठवड्यांनी या लोकांचे गुण इतरांपेक्षा वर होते. ३० गुणांच्या नेहमीच्या चाचणीत हा फरक सरासरी एका गुणाच्या आसपास होता. आकडा किरकोळ वाटेल, पण तेव्हा उपलब्ध असलेल्या औषधांच्या परिणामाशी तो तुल्य होता. जीवनमान सुधारले ते वेगळेच. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य मार्गदर्शक संस्थेने २००६ मध्ये या कार्यक्रमाची शिफारस केली. पुढे हाच कार्यक्रम घरच्या माणसाने एकट्या रुग्णाकडून करून घेतला, तेव्हा बुद्धीच्या चाचण्यांत लाभ दिसला नाही. घरच्यांशी नाते मात्र सुधारले. चार जणांत बसून वाद घालणे, हसणे, दुसऱ्याचे ऐकून आपल्याला काही आठवणे, हाच बहुधा यातला मुख्य भाग असावा. या बाबतीत वृद्धाश्रमाची बाजू घरापेक्षा बळकट आहे, कारण समवयस्कांचा गट तिथे तयारच असतो. भारतात चेन्नईच्या ‘स्कार्फ’ या संस्थेने हा कार्यक्रम तमिळ वृद्धांसाठी जुळवून घेतला आहे.

जपानमध्ये र्युता कावाशिमा यांनी वेगळी वाट धरली. एका वृद्धनिवासातील स्मृतिभ्रंश झालेल्या १६ जणांकडून त्यांनी सहा महिने, आठवड्यातून काही दिवस, दर वेळी सुमारे वीस मिनिटे मोठ्याने वाचन आणि सोपी बेरीज-वजाबाकी करून घेतली. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, मेंदूच्या पुढच्या भागाशी निगडित कामांत त्यांची प्रगती झाली. प्रयोग लहान होता, आणि शिकवणारा माणूस दर वेळी जवळ बसून कौतुक करत होता, त्या सोबतीचा वाटा किती आणि बेरजेचा किती हे वेगळे करता येत नाही. तरीही कागद-पेन्सिलीपलीकडे काही न लागणारा हा उपाय म्हणून त्याची दखल घ्यावी. जर्मनीत बव्हेरियातील पाच वृद्धनिवासांत एल्मर ग्रेसल यांच्या गटाने वर्षभर व्यायाम, घरकाम, बुद्धीचे खेळ आणि प्रार्थना-चिंतन असा एकत्र कार्यक्रम आठवड्यातून सहा दिवस चालवला. त्यात भाग घेतलेल्यांची क्षमता वर्षअखेरीस टिकून होती आणि न घेतलेल्यांची घसरली होती. नुसत्या बौद्धिक सरावापेक्षा हातपाय हलवण्याची जोड लाभदायक ठरते, असे याआधीच्या जर्मन अभ्यासातही दिसले होते.

महाराष्ट्रातल्या वृद्धाश्रमांकडे या कामासाठी काही आयते भांडवल आहे. आज ऐंशीच्या घरात असलेल्या, शाळेत गेलेल्या पिढीने पावकी, निमकी, पाऊणकी, दिडकी पाठ केलेली आहे. जी शाळेत गेली नाही तिच्याजवळ ओव्या आहेत, उखाणे आहेत, हरिपाठ आहे. अनेक आश्रमांत संध्याकाळी रामरक्षा आणि भजन होते आणि स्मृतिभ्रंश झालेले आजोबाही त्यात न चुकता सूर धरतात. नातेवाइकांना ते पाहून डोके अजून चांगले आहे असे वाटते. पण लहानपणी पाठ झालेले म्हणणे आणि आजचे नवे लक्षात ठेवणे यांचा फारसा संबंध नाही. रोज तेच म्हटल्याने मन शांत होते, गटात बसल्याचे समाधान मिळते, हे थोडके नाही; मात्र त्याने स्मरणशक्ती वाढत नाही. वाढवायची असेल तर पाठांतराला आजचे काहीतरी जोडावे लागते. काल कोणी कोणता अभंग घेतला, उद्या कोणाची पाळी आहे, हे विचारता येते. निमकी म्हणून झाल्यावर ‘अडीच रुपये डझन केळी होती तेव्हा सहा केळ्यांना किती पडत?’ असा हिशेब घालता येतो आणि त्यातून केळ्यांच्या भावावर अर्धा तास वाद रंगतो. गाण्याच्या भेंड्या, नाव-गाव-फळ-फूल, अर्धा सांगून सोडलेला उखाणा पुरा करणे, हे सगळे ब्रिटनच्या त्या १४ बैठकांत सहज बसणारे प्रकार आहेत.

चाचण्यांच्या बाबतीत मात्र सावध राहावे लागते. परदेशी चाचणीत वाचायला, लिहायला, आकृती काढायला सांगतात. न शिकलेल्या बाईला त्यात कमी गुण पडले म्हणजे तिची बुद्धी गेली असे होत नाही. हरियाणातील बल्लभगढच्या ग्रामीण वृद्धांसाठी मेरी गांगुली आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये हिंदी चाचणी तयार केली, तेव्हा असे प्रश्न त्यांना बदलावेच लागले होते. आश्रमाला रोजच्या कामात चाचणीपेक्षा साधी नोंद अधिक उपयोगी पडते: खोली स्वतः सापडली का, गोळी मागून घेतली का, शेजारणीचे नाव घेतले का.

खर्चाचे म्हणाल तर यातल्या बहुतेक गोष्टींना पैसे लागत नाहीत, माणूस लागतो. २००७ च्या पालक व ज्येष्ठ नागरिक कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात निदान १५० गरजू वृद्धांसाठी एक तरी निवास टप्प्याटप्प्याने उभारण्याची तरतूद राज्य सरकारांसाठी केली आणि तिथल्या वैद्यकीय सेवेचा व करमणुकीच्या साधनांचाही उल्लेख केला. करमणुकीचे साधन म्हणजे व्यवहारात दूरदर्शन संच. तो दिवसभर चालू असतो आणि त्याला उत्तर कोणालाच द्यावे लागत नाही. मावशींना स्मरणशक्तीचे तज्ज्ञ करण्याची गरज नाही. आठवायला दहा सेकंद थांबणे, चुकल्यावर रागावण्याऐवजी उत्तर सांगणे आणि वाढत्या अंतराने पुन्हा विचारणे एवढे काही दिवसांत शिकवता येते. पण एका मावशीकडे पंधरा-वीस माणसे असतील तर दहा सेकंद थांबणेही जमत नाही, हे व्यवस्थापनाने मान्य करायला हवे. काही कामे रहिवाशांकडेच परत देता येतात. जेवणाचा फलक लिहिणे, टपाल वाटणे, वाढदिवसांची वही ठेवणे, कुंड्यांना पाणी घालणे, कोण जेवायला नाही हे स्वयंपाकघरात कळवणे. चुका होतील. एखाद्या दिवशी दोन ताटे जास्त वाढली जातील.

मराठी घरांतून वाढदिवसाला किंवा वडिलांच्या श्राद्धाला वृद्धाश्रमात एक जेवण देण्याची पद्धत आहे. तिच्या जोडीला कोणी वेळ देणार असेल, तर आठवड्याचा एक ठरलेला वार, ठरलेली पाऊण तासाची वेळ आणि आठ-दहा जणांचा तोच गट घ्यावा. किती महिने येणार हे पहिल्याच दिवशी सांगावे. आणि स्वतःचे येणे थांबणार असेल, तर त्याआधी महिनाभर पुढच्या माणसाला बरोबर आणून बसवावे.